मोडलेल्या महिन्याचं काय करायचं?

‘ठरवते, पण तडीस जात नाही’ ही तक्रार घेऊन येणारी माणसं आळशी नसतात, हे आधीच सांगून टाकते. आळशी माणूस समुपदेशकाकडे फिरकत नाही, त्याचं छान चाललेलं असतं. येतात ते घर, नोकरी, दुखणीखुपणी सगळं ओढणारे लोक. आपल्यात जिद्द कमी आहे आणि ती वाढवायची काहीतरी युक्ती मॅडमकडे असेल, अशा समजुतीने येतात.

सुजाताही तशीच आली. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला विचारूनच लिहिते आहे.) वय 37, राहायला पुण्यात धायरीला, मार्केट यार्डातल्या एका गाळ्यावर हिशेब बघते. नवरा भोसरीला वर्कशॉपमध्ये, मुलगा आठवीत, सासूबाई घरात. तिला दोन गोष्टी करायच्या होत्या. सासऱ्यांच्या आजारपणात तिच्या पाटल्या आणि गंठण पतपेढीत गहाण पडलं होतं, ते 1 लाख 40 हजारांचं कर्ज फेडून दागिने सोडवायचे. आणि लग्नामुळे अर्धवट राहिलेलं बी.कॉम. मुक्त विद्यापीठातून पुरं करायचं.

“पाडव्याला सुरू करते मॅडम, आणि जूनच्या आत सोडून देते. घरचे हसतात आता.”

पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली. मी आणा म्हटलं नव्हतं, पण बरं झालं. लाल शाईने समास, पट्टीने आखलेले रकाने: दूध, भाजी, रिक्षा, किराणा, आणि शेवटी ‘बाजूला टाकले’. चैत्राचं पान गच्च भरलेलं. वैशाखात अर्ध्यावर नोंदी थांबलेल्या. मग कोरी पानं, मग दसऱ्याला पुन्हा नवी आखणी, आधीपेक्षाही सुबक. जिद्द नसलेल्या बाईची ही वही नव्हती.

मी तिला एवढंच विचारलं, “जिथे नोंदी थांबल्यात, त्या दिवशी काय झालं होतं?”

आधी म्हणाली, कंटाळा केला. मग तारखेवर बोट ठेवून आठवायला लागली. नणंदेच्या मुलीचं डोहाळजेवण होतं. आहेर, ओटी, जाण्यायेण्याची रिक्षा, मिळून 5,200 गेले. दर महिन्याला 6,000 बाजूला टाकायचे ठरले होते, ते जमणार नव्हतेच.

“आणि मग?”

“मग काय, तो महिना गेलाच होता.”

गेलेल्या महिन्यात तिने मोबाईलवरून दोन कुर्ते मागवले, तुळशीबागेत एक चक्कर झाली, मुलाचे बूट, दोनदा बाहेरचं जेवण. माझ्यासमोर तिने बेरीज केली. हिशेबाचीच बाई, चुटकीसरशी झाली. 9,000 च्या वर. डोहाळजेवणाने 5,200 नेले आणि ‘आता काय फरक पडतो’ने त्याच्या पावणेदोन पट.

दसऱ्यानंतरची गोष्ट तीच, फक्त निमित्त सासूबाईंच्या मोतीबिंदूचं.

मानसशास्त्रात हे जुनं निरीक्षण आहे. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक यांनी काही जणींना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग हवं तेवढं आइस्क्रीम खायला सांगितलं. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्या ज्या होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. पथ्य मोडलंच आहे, तर आता कशाला मन मारायचं? पैशाच्या बाबतीत मला हे सर्रास दिसतं. नियम जितका कडक, तितका तो मोडल्यावरचा सुटलेपणा मोठा. म्हणून आणखी कडक नियम हा यावरचा उपाय नव्हे. सुजाता मात्र दरवेळी तोच करत होती: गेल्या खेपेला 5,000 जमले नाहीत, तर या खेपेला 6,000!

बोलता बोलता तिच्या आईचा विषय निघाला. आईचं पोस्टात आरडीचं खातं होतं, एजंटबाई घरी येऊन हप्ता न्यायच्या. आईचे हप्ते चुकायचे का, असं मी विचारलं. “चुकायचे की! मग पुढच्या महिन्यात दंड भरून दोन भरायची.” आणि स्वतःच थांबली. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीत एक हप्ता चुकला तर शंभर रुपयांमागे एक रुपया दंड लागतो. चार हप्ते चुकले तर खातं खंडित होतं, आणि त्यानंतरही दोन महिन्यांत ते पुन्हा सुरू करता येतं. पाच वर्षांत संसारात काहीतरी निघणारच, हे सरकारी खात्याने धरलेलं आहे. सुजाताच्या वहीत त्याला जागाच नव्हती.

मग तिने स्वतःचं कलम लिहून काढलं. हप्ता 4,000. चुकला तर कारण लिहायचं, त्या आठवड्यात निदान 200 रुपये तरी भरायचे, आणि उरलेले पुढच्या तीन महिन्यांत वाटून टाकायचे. ‘महिना गेला’ असं म्हणायचं नाही. पोस्टाप्रमाणे दंड ठेवू का, असं तिने विचारलं. मी नको म्हटलं. स्वतःला दंड करण्यात ती आधीच तरबेज होती.

आर्थिक सल्ला देणं माझं काम नाही, पण एक प्रश्न मी तिला पतपेढीत विचारायला सांगितला: मुद्दलात थोडी थोडी रक्कम भरता येते का? ती दरवर्षी 16,800 रुपये व्याज भरून गहाणखत नवं करून घेत होती आणि सगळी रक्कम एकदम जमायची वाट बघत होती. अशी कर्जं वर्षानुवर्षं चालतात, कारण व्याज भरलं की काहीतरी फेडल्यासारखं वाटतं. पतपेढीने थोडे थोडे घेऊ म्हटलं. आता पावतीवर मुद्दल उतरताना दिसतं, आणि घरात पडून राहिलेली रक्कम खर्चून जायची भीतीही गेली.

अभ्यासाचं सोपं निघालं. रात्री दहा ते बारा असं ठरवलं होतं, म्हणजे पुस्तकावर डोकं ठेवून झोपणं. मार्केट यार्डाची गडबड पहाटेपासूनची, दुपारी गाळा थंड असतो. डबा धुऊन ठेवला की पुस्तक उघडायचं, 25 मिनिटं, बस. ‘अमुक झालं की तमुक’ असं आधीच बांधून ठेवलेलं काम नुसत्या संकल्पापेक्षा जास्त वेळा पार पडतं, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून पुढे आलेलं आहे. आणि 21 दिवसांत सवय लागते, हे डोक्यातून काढून टाका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या एका अभ्यासात मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, आणि माणसागणिक 18 पासून 254 पर्यंत. त्यात एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही दिसलं होतं. एवढं वाक्य सुजाताने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलंय.

इथे एक सांगायला हवं. सगळ्यांचंच ‘टिकत नाही’ हे नियोजनाचं नसतं. झोप उडाली आहे, आवडीच्या गोष्टीतही मन लागत नाही, सगळं व्यर्थ वाटतं आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं आहे, तर वही-पेन बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर फुकट बोलता येतं. सुजाताचं तसं काही नव्हतं, हे मी सुरुवातीलाच तपासलं होतं.

अवघड भाग पुढे होता. नवऱ्याला यातलं काही माहीतच नव्हतं. तो आला, ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ही बोललीच नाही कधी. मला वाटलं, गावची जमीन विकली की सोडवू.” जमीन कधी विकणार, हे भावकीत कोणालाच माहीत नाही. त्याने धाकट्या भावाला उसने दिलेले 30,000 त्याच बैठकीत बाहेर आले, आणि दहा मिनिटं माझी खोली बरीच तापली. तापू दिली. घरातल्या एकानेच धरलेला निश्चय दुसऱ्याच्या न सांगितलेल्या खर्चापुढे किती टिकणार?

दिवाळीत तिचा हप्ता चुकला. 200 भरले, कारण लिहिलं, बाकीचे फेब्रुवारीपर्यंत चुकते केले. बी.कॉम.चे दोन विषय या परीक्षेला दिले, एक पुढच्या वेळेसाठी ठेवला.

घोडं अडलंय ते आहेरावर. नवरा-बायकोने ठरवलं, जवळच्यांना हजार, बाकी सगळ्यांना पाचशे. सासूबाईंना ते साफ नामंजूर, “लोकांनी आपल्याला केलंय, ते फेडायला नको?” म्हणतात. त्यांचंही चूक नाही, आहेराची जुनी वही त्यांच्याकडे आहे आणि त्यात नावं-रकमा आहेत. पुढच्या वेळी त्यांना त्या वहीसकट घेऊन या, असं मी सुजाताला सांगितलं आहे.