आयसोप्रोस्टेन 'हाय' आलंय, आता काय? (वाचकांचे प्रश्न)

हेल्थ पॅकेजमधल्या 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' टेस्टबद्दल (त्यात आयसोप्रोस्टेन मोजतात) एकाच छापाचे प्रश्न येतायत, म्हणून एकदाच उत्तरं देऊन टाकतो.

प्रश्न: आयसोप्रोस्टेन म्हणजे नक्की काय?
पेशींच्या आवरणात ॲराकिडोनिक ॲसिड नावाचं फॅटी ॲसिड असतं, फ्री रॅडिकल्सनी (म्हणजे शरीरातल्या, दिसेल त्याला चावणाऱ्या अस्थिर रेणूंनी) त्याची वाट लावली की जे तयार होतं ते हे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट युनिव्हर्सिटीत मॉरो आणि रॉबर्ट्स यांनी हे दाखवलं. दिसायला प्रोस्टाग्लँडिनचा (शरीरातलंच एक हार्मोनसारखं रसायन) भाऊ, आणि नुसता कचराही नाही, त्यातला एक प्रकार रक्तवाहिन्या आवळतो.

प्रश्न: रोज ॲस्पिरिन घेतो, त्याने कमी होईल का?
नाही. ॲस्पिरिन जे एन्झाइम अडवतं ते आयसोप्रोस्टेन बनायला फारसं लागतच नाही. म्हणून ॲस्पिरिन मनानेच बंद करू नका, ती हृदयासाठी दिलीय, डॉक्टरांना विचारा.

प्रश्न: दोन लॅबमध्ये रक्त दिलं, दुसरीकडे आकडा दुप्पट. खरा कुठला?
कदाचित एकही नाही. अहो, रक्तात ॲराकिडोनिक ॲसिड भरपूर असतं, त्यामुळे सॅम्पल नीट ठेवलं नाही तर आयसोप्रोस्टेन शरीरात नाही, ट्यूबमध्येच बनत राहतं! प्लाझ्मा (रक्तातला पेशी सोडून उरणारा पातळ भाग) पटकन वेगळा करून उणे ७०-८० डिग्रीला ठेवायला लागतो, साध्या उणे २० च्या फ्रीझरमध्येसुद्धा आकडा चढतो, आणि इथे घरून घेतलेलं रक्त दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून फिरतंय. लघवीत ही भानगड खूप कमी, म्हणून मी लघवीची टेस्ट बरी म्हणतो, तीही क्रिएटिनिनच्या हिशोबात दिलेली (म्हणजे लघवी पातळ की दाट याचा फरक आकड्यात येत नाही). पुढचं म्हणजे मोजलं कशावर? मास स्पेक्ट्रोमेट्रीवर (रेणूच्या वजनावरून नेमकं ओळखणारं मशीन) की एलायझा किटवर (अँटिबॉडीने पकडून मोजणारं)? किट स्वस्त, पण भलतंच काहीतरी पकडून आकडा फुगवतं, त्यामुळे दोन पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. लॅबला हे विचारा, उत्तर देता आलं नाही तर पैसे वाचवा, आणि रिपोर्ट हातात असेलच तर फिजिशियनला दाखवा.

प्रश्न: रिपोर्टसोबत व्हिटॅमिन ई ४०० ची कॅप्सूल 'सजेस्ट' झालीय. ओळखीत एकाला फरक पडला. घेऊ?
टेस्ट विकणाराच गोळी विकतोय, यातच काय ते समजा. अमेरिकेतल्या सिलेक्ट ट्रायलमध्ये ३५ हजारांवर पुरुष होते, रोज ४०० युनिट व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेट कॅन्सर नुसती डमी गोळी घेणाऱ्यांपेक्षा १७ टक्के जास्त निघाला (२०११). रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचाही धोका. डॉक्टरांना न विचारता नको.

प्रश्न: सिगरेट ओढतो, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ८.९ आहे, पण आयसोप्रोस्टेन नॉर्मल. म्हणजे आतून ठीक ना?
नाही हो! आयसोप्रोस्टेन हा संशोधनात वापरायचा मार्कर, म्हणजे खुणेचा आकडा आहे, त्यावरून कुठला आजार ठरत नाही आणि फेटाळताही येत नाही. ८.९ मात्र पक्कं सांगतंय की शुगर कंट्रोलमध्ये नाही. सिगरेट ओढणाऱ्यांत आयसोप्रोस्टेन वाढलेलं असतं आणि सोडल्यावर दोन आठवड्यांत उतरतं, हे १९९५ मध्येच छापून आलंय, त्यासाठी कुठलं पॅकेज लागत नाही. पुढच्या महिन्यात वगैरे नको, याच आठवड्यात डायबेटिसच्या डॉक्टरांकडे जा.