नॉर्वेजियन जोडशब्द: अर्थ मागे, जोर पुढे

ताई, ऑगस्टमध्ये ओस्लोला येताय आणि एवढे लांबलचक शब्द तोडायचे कुठे, जोर कुठे द्यायचा, असं विचारलंत. बरं झालं आधीच विचारलंत.

पहिल्याच आठवड्यात भेटणारा शब्द घ्या: ऑपहॉल्सतिल्लातेल्से, म्हणजे राहण्याचा परवाना. ऑपहॉल म्हणजे वास्तव्य, तिल्लातेल्से म्हणजे परवानगी, मधला 'स' नुसता सांधा. ओळीच्या शेवटी शब्द तुटला तर तो 'स' पहिल्या तुकड्याकडे राहतो. मुख्य अर्थ शेवटच्या तुकड्यात, आपल्या तत्पुरुषासारखा. लिंगही तोच ठरवतो. जोर मात्र पहिल्यावर, 'ऑप'वर. पुढच्या 'तिल'वर हलकासा.

मराठीत असा एका अक्षरावर ठोसा नसतो, म्हणून हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. मी बसमध्ये 'स्यूकेहूस' म्हणजे हॉस्पिटल विचारलं, पण जोर दिला 'हूस'वर. हूस म्हणजे घर. चालकाने विचारलं, कुणाचं घर? तोच शब्द 'स्यू' लांबवून म्हटल्यावर त्याने लगेच थांबा सांगितला.

जोडून लिहिणं आणि एका जोरात म्हणणं, दोन्ही बरोबरच येतं. 'लाम्मेलोर' एका जोरात म्हटलं की कोकराची तंगडी. तेच तोडून, दोन्हीकडे जोर देऊन 'लाम्मे लोर' म्हटलं की लुळ्या मांड्या! दुकानांच्या पाट्यांवरही ही चूक दिसते.

तुकडा चुकीच्या जागी पाडला तरी घोटाळा होतो. 'बीलदेलिंग' म्हणजे गाडी वाटून वापरणं. लिहिलेलं पाहून डोळ्याला आधी 'बिल्दे', म्हणजे चित्र, दिसतं. पण गाडीच्या 'बील'मधला 'ई' दीर्घ आहे, चित्रातला ऱ्हस्व. जोराच्या अक्षरात एकतर स्वर लांब, नाहीतर व्यंजन. हे कानाला लावून घ्या, निम्मं काम होईल. रात्रीची आगगाडी म्हणजे 'नात्त' (रात्र) अधिक 'तोग' (आगगाडी), पण तीन 'त' सलग लिहीत नाहीत, दोनच ठेवतात. ओळीच्या शेवटी तोडताना तिसरा परत येतो.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. ओस्लोकडे 'र' आणि 'त' मिळून आपला 'ट' होतो, 'र' आणि 'न' मिळून 'ण'. म्हणून करकार्ड 'स्कात्तेकोट', बालवाडी 'बाणेहागे'. इंग्रजांना घाम फुटतो, आपल्याला नाही. फक्त बर्गनला गेलात तर तिथला 'र' घशातून येतो, तिथे हे ट आणि ण विसरा.