हळद-डाळिंबाच्या पांढऱ्या प्रकाशावर गावची अभ्यासिका चालेल का?

नाही चालणार. लोडशेडिंगमध्ये पोरांना वाचायला उजेड हवा असेल तर बॅटरीवरचा साधा एलईडी दिवा घ्या आणि हा विषय तिथंच संपवा.

हळद आणि डाळिंबाच्या अर्कातून पांढरा प्रकाश निघतो, हे तुम्ही वाचलं ते मात्र खरं आहे. आयआयटी मद्रासच्या विक्रम सिंग आणि अशोक मिश्रा यांनी २०१५ साली ते प्रसिद्ध केलं. लाल डाळिंब आणि हळदीचा अर्क आम्लयुक्त इथेनॉलमध्ये (म्हणजे स्पिरिटमधल्या अल्कोहोलमध्ये) मिसळला, त्यावर ३८० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश टाकला आणि जवळपास शुद्ध पांढरा प्रकाश मिळाला. डाळिंबातली पॉलिफेनॉल्स नावाची द्रव्यं निळा, हळदीतलं पिवळं रंगद्रव्य करक्युमिन हिरवा, डाळिंबातलीच अँथोसायनिन्स ही लाल रंगद्रव्यं तांबडा प्रकाश देतात. पण अतिनील प्रकाश बाहेरून द्यावाच लागतो आणि जेवढा द्याल त्याहून कमीच उजेड परत मिळतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात 'विजेशिवाय हळदीचा दिवा' मांडतात, खाली खोक्यात अतिनील टॉर्च लपवतात, आणि परीक्षक खोकं उघडायला सांगत नाहीत. याचा मला मनापासून राग येतो. कारण प्रयोग इतका सुंदर आहे की त्याला लबाडीची गरजच नाही.

नीट करायचा तर असा करा. हळकुंड घरी दळा. वायगावची हळद मिळाली तर उत्तम, तिच्यात करक्युमिन भरपूर असतं. अर्धा ग्रॅम पूड ५० मिलि रंगहीन स्पिरिटमध्ये हलवून तासभर ठेवा आणि वरचं नितळ तेवढं घ्या. पाण्यात करू नका, पाण्यात करक्युमिन जवळपास चमकतच नाही. दुसऱ्या बाटलीत ५ मिलि गाळलेला डाळिंबाचा रस, ४५ मिलि स्पिरिट आणि चिमूटभर लिंबूसत. रस स्पिरिटमध्ये पडला की गढूळ होतो. तो साका खाली बसू द्या, मग गाळणकागदातून गाळा. गढूळ ठेवलं तर टॉर्चचाच उजेड विखुरतो आणि प्रयोग फसतो.

आता काचेच्या परीक्षानळीत १० मिलि डाळिंबाचा अर्क घ्या, खोलीत अंधार करा, बाजूनं अतिनील टॉर्च धरा आणि काटकोनातून बघत हळदीचा अर्क ड्रॉपरनं थेंब-थेंब सोडा. आधी निळसर दिसेल, मग पांढुरकं, आणि एखादा थेंब जास्त झाला की सगळं पोपटी. तसं झालं तर डाळिंबाचा अर्क वाढवा. मागे काळं कापड लावा. वहीचा पांढरा कागद अतिनील प्रकाशात स्वतःच निळा चमकतो आणि बघणारा फसतो. धुण्याच्या पावडरीनं धुतलेल्या नळीचंही तेच, शिवाय साबणाचा अंश राहिला तर करक्युमिन लालसर होऊन चमक मरते. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्या. स्वस्तातला ३९५ वाला जांभळा उजेड सोडतो, तो पांढऱ्यात मिसळतो.

बल्ब का होत नाही, ते घरच्या बाईला विचारा. धोतरावरचा हळदीचा डाग उन्हात वाळवला की उडतो. ज्या प्रकाशानं करक्युमिन चमकतं, तोच त्याला हळूहळू मोडतो.

पांढरा प्रकाश देणारे कार्बनी पदार्थ खरोखर वापरात आहेत ते ओएलईडीमध्ये, म्हणजे वीज दिली की उजळणाऱ्या कार्बनी पदार्थांच्या पातळ थरांच्या दिव्यात. १९८७ साली कोडॅक कंपनीत टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी पातळ थरांचा ओएलईडी दाखवला, पांढरा जपानच्या जुंजी किडो यांनी नव्वदच्या दशकात. तिथं टॉर्च लागत नाही, थेट वीज देतात. निर्वातात चढवलेले थर सगळे मिळून केसाच्या शेकडो पट पातळ. निळा आणि पिवळा, किंवा निळा-हिरवा-तांबडा थर एकत्र उजळून पांढरं दिसतं. बऱ्याच मोठ्या ओएलईडी टीव्हींत असा पांढरा प्रकाश रंगीत गाळण्यांतून सोडतात. ओलावा शिरला की काळे ठिपके पडतात, म्हणून पक्कं सील लागतं. शाळेच्या प्रयोगशाळेत हे होत नाही.

प्रदर्शनात मांडणार असाल तर टॉर्च टेबलावर, सगळ्यांसमोर ठेवा. "मग यात नवीन काय?" असं परीक्षकानं विचारलं तर त्याच्यासमोर एका नळीत चिमूटभर खायचा सोडा टाका. रंग बदलेल, पांढरेपणा जाईल. लिंबूसत परत घातलं की बराचसा परत येईल. खोक्यात दिवा लपवणाऱ्याला हे दाखवता येत नाही.

एक राहिलं: स्पिरिटजवळ काडी, उदबत्ती काही नको, आणि ३६५ चा झोत कोणाच्याही डोळ्यात जाऊ देऊ नका. पोरांना अतिनील रोखणारा चष्मा द्या.