मुफासा कधी उठणार?

प्रश्न: माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. तिला १९९४ चा जुना लायन किंग दाखवला, कार्टूनच आहे म्हणून आम्ही बिनधास्त होतो. त्यातला सिंहराजा, छोट्या सिंबाचा बाप मुफासा मेला तेव्हा ती अजिबात रडली नाही पण तेव्हापासून रोज विचारते तो कधी उठणार. मी गडबडून सांगून टाकलं की तो कायमचा झोपलाय. आता रात्री लाइट बंद केला की रडारड सुरू, झोपायचंच नाही म्हणते. नवरा म्हणतो तूच नाजूक करून ठेवलंयस तिला. काय करू?

उत्तर: ताई, रागावू नका, पण हे रडणं मला सिनेमापेक्षा त्या "कायमचा झोपलाय"चं वाटतंय. आपण सगळेच असं बोलतो, मेला म्हणायला जीभ रेटत नाही. पण तिने आपल्या परीने सरळ हिशोब लावला, झोपलं की उठता येत नाही, मग मी कशाला झोपू! यात नाजूक वगैरे काही नाही, पोरगी हुशार आहे.

तिचा मूळ प्रश्नही तिच्या वयाला धरूनच आहे. मारिया नागी या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९४८ मध्ये हंगेरीतल्या मुलांवरचा अभ्यास छापला, त्यात पाचच्या आतल्या मुलांना मरण म्हणजे कुठेतरी जाणं वाटत होतं, गावाला गेल्यासारखं. मेलेलं परत येत नाही हे बहुतेक मुलांना पाच ते सात या वयात कळतं असं नंतरच्या अभ्यासांतही दिसलं. त्यात सिनेमे काय शिकवतात बघा. स्नो व्हाइट उठते, पिनोकिओ उठतो, आणि खुद्द मुफासा नंतर ढगांत दिसतो, मुलाशी बोलतोसुद्धा. मग तिने का विचारू नये?

तो सीन परत एकदा तुम्ही एकटीने बघा. धूळ खाली बसते, सिंबा बापाला ढकलतो, कान ओढतो, घरी चल म्हणतो, आणि काहीच होत नाही म्हटल्यावर त्याच्या पंजाखाली शिरून पडून राहतो. सिनेमा तिथे काही लपवत नाही, लपवलं आपण. तेव्हा तिला साध्या शब्दांत सांगा की मुफासा मेला, तो श्वास घेत नाही, त्याला आता दुखत नाही, तो उठणार नाही, आणि सिंबाला खूप वाईट वाटलं. झोपेचं वेगळं सांगा, झोपलेलं माणूस सकाळी उठतं, तू काल उठलीस तशी. "अगं खरं नाहीये ते, चित्र आहे" हे या वयात फारसं चालत नाही, जवळ घेऊन बसलेलं चालतं. पुढचा प्रश्न "तू पण मरणार का" हा असेल, तयारी ठेवा. खूप खूप वर्षं मी तुझ्याबरोबर असेन असं मला वाटतं, एवढं उत्तर तिला पुरेल.

सेसमी स्ट्रीट या अमेरिकेतल्या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी हेच केलं होतं. त्यातल्या दुकानदार मिस्टर हूपरचं काम करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरात गेले. दुसरा नट आणता आला असता, किंवा हूपर कुठेतरी लांब राहायला गेला म्हणता आलं असतं. त्यांनी १९८३ मध्ये एक भाग केला, त्यात बिग बर्ड हा मोठा पिवळा पक्षी सगळ्यांची चित्रं काढून आणतो, वाटतो, हूपरचं हातात उरतं आणि तो म्हणतो परत आला की देईन. तेव्हा मोठी माणसं त्याला सांगतात की तो मेला, मेलेली माणसं परत येत नाहीत. सांगताना त्यांचाही आवाज कापतो, तर कापू दे.

प्रश्न: मुलगा नऊ वर्षांचा. सुपरहिरोंचे सिनेमे बघताना इमारती कोसळतात, माणसं पटापट पडतात, हा मजेत खात बसलेला. काहीच वाटत नाही का याला? कार्टूनच दाखवावीत का?

उत्तर: कार्टून म्हणजे सेफ हा समज आधी काढून टाका दादा. २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, १९३७ च्या स्नो व्हाइटपासून २०१३ च्या फ्रोझनपर्यंत भरपूर कमाई केलेले ४५ ॲनिमेशनपट एका बाजूला आणि मोठ्यांचे ९० सिनेमे दुसऱ्या बाजूला. महत्त्वाचं पात्र मरायचा धोका मुलांच्या सिनेमांत अडीच पट निघाला आणि आईबाप मरायचा पाचपटीहून जास्त! (आईबाप घरी असले तर पोर साहसाला निघणार कसं, ही लेखकांची सोय असते.) आणि आपण तरी काय ऐकून मोठे झालो, राक्षसाचा जीव पोपटात आणि राजपुत्र पोपटाची मान मुरगळतो, आपण टाळ्या वाजवायचो.

त्यामुळे खरी माणसं की चित्रं यापेक्षा मी एकच बघते, मेलेल्यासाठी सिनेमात कोणी थांबतं का? मुफासासाठी सिनेमा थांबतो. तुमच्या मुलाच्या सिनेमांत शंभर माणसं ढिगाऱ्याखाली जातात आणि हिरो पुढच्या मिनिटाला जोक मारतो. रक्त दाखवत नाहीत म्हणून रेटिंग सौम्य मिळतं, पण लागतं कोणाला, रडतं कोण, हे गाळलेलं असतं. मुलाला काही वाटत नाही कारण वाटावं असं तिथे काही ठेवलेलंच नाही, त्याला कशाला दोष द्यायचा. अमेरिकेतही १९८४ पर्यंत पीजी (पालकांनी बघून ठरवा) आणि आर (मुलांनी मोठ्यांबरोबरच बघा) या रेटिंगांच्या मध्ये काही नव्हतं, इंडियाना जोन्सच्या दुसऱ्या भागावरून आणि ग्रेम्लिन्सवरून पालक भडकले तेव्हा तेराच्या आतल्यांच्या पालकांना सावध करणारं पीजी-१३ आलं.

मारामारीची नक्कल मुलं करतात हे मात्र खरं. मानसशास्त्रज्ञ बांडुरा यांनी १९६३ च्या प्रयोगात फुगीर बाहुलीला बडवताना एका गटाला प्रत्यक्ष माणूस दाखवला, एकाला फिल्मवर, आणि एकाला मांजराचा वेष केलेलं कार्टूनछाप पात्र. तिन्ही गटांतल्या मुलांनी नंतर बाहुलीला जास्त बडवलं. म्हणजे मांजर आहे म्हणून सूट नाही. बंदी घालू नका, शेजारी बसा आणि मध्येच विचारा, "त्या बसमध्ये कोण होतं रे?" एवढंच, लेक्चर नको.

प्रश्न: नातवाला बांबी दाखवायचाय. आई मरते तिथे पुढे ढकलू का?

उत्तर: आजी, ढकलण्यासारखं तिथे फारसं काही नाहीच. १९४२ चा सिनेमा आहे, आईला गोळी लागलेली दाखवतच नाहीत, नुसता आवाज येतो, मग बर्फ पडत राहतो आणि हरणाचं पिल्लू हाका मारत फिरतं. तेवढं उडवलंत तर आई एकदम गायबच होईल आणि उरलेला सिनेमाभर नातू तुम्हाला विचारेल, आई कुठे गेली.