संत्र्यावरचे वनस्पतीजन्य आवरण आणि अकरावीचे गणित

सप्रेम नमस्कार.

वरुड तालुक्यातून पाठवलेले आपले पत्र मिळाले. वनस्पतीजन्य पदार्थांचा पातळ थर देऊन फळे जास्त दिवस टिकवण्याचे तंत्र आपल्या मुलीला शिकायचे आहे; त्यासाठी तिने अकरावीत गणित सोडावे का आणि एवढ्याशा विषयावर तिचे पोट भरेल का, असे आपण विचारले आहे.

गणित मुळीच सोडू नये. हवे तर जीवशास्त्र सोबत ठेवावे. विषय बागेतला वाटला तरी त्याचा गाभा रसायनशास्त्राचा आहे. तोडलेल्या संत्र्याचे श्वसन चालूच असते, पाणी उडत राहते आणि साल सुकून वजन घटते. पॅकिंग केंद्रावर फळ धुताना सालीवरचे नैसर्गिक मेणही बरेचसे निघून जाते, म्हणून त्याच्या जागी ब्राझीलमधल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरचे कार्नौबा मेण किंवा वनस्पती तेलांपासून केलेली मोनोग्लिसराइड्स यांसारख्या पदार्थांचा थर देतात. मात्र थर जाड झाला की आत प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही, गरात अल्कोहोल तयार होऊन चव बिघडते, आणि आपल्या संत्र्यासारख्या सैल सालीच्या फळाला हा धोका अधिक असतो. तोडणीत साल खरचटली असेल, तर तेथून शिरलेली हिरवी बुरशीही नुसत्या मेणाने थांबत नाही. थर किती पातळ हवा, तो किती तापमानाला वाळवावा, हे गणिताशिवाय ठरवता येत नाही.

बारावीनंतर एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटातून तिने रासायनिक तंत्रज्ञानाकडे वळावे. नागपूरच्या, १९४२ साली स्थापन झालेल्या आणि आता विद्यापीठ झालेल्या लक्ष्मीनारायण संस्थेत अन्न, तेल आणि सरफेस कोटिंग (पृष्ठभागावर द्यायचे रंग व लेप) या तिन्ही विषयांच्या अध्यापनाची परंपरा आहे. या आवडीला इतकी जुळणारी जागा घराजवळ दुसरी मला दिसत नाही. पुढे म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेचाही विचार करता येईल.

पोटाचे म्हणाल, तर केवळ फळांच्या आवरणावर चालणाऱ्या नोकऱ्या मोजक्याच आहेत. म्हणूनच पदवी व्यापक असावी, म्हणजे अन्नप्रक्रिया, गुणवत्ता तपासणी, तेल आणि रंग उद्योग यांची दारेही उघडी राहतील.

येत्या आंबिया बहाराच्या (हिवाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या फुलोऱ्याच्या फळांच्या) तोडणीनंतर काही धुतलेली आणि काही न धुतलेली संत्री वेगवेगळी ठेवून त्यांचे रोजचे वजन तिला वहीत लिहू द्यावे. ती वही घेऊन आपण मुलीसह नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जावे. शास्त्रज्ञांना काय विचारायचे, हे तोपर्यंत तिला नेमके ठाऊक झालेले असेल.