मुदतीआधी परतलेला मिशनरी

"मिशन अर्धवट टाकून आलोय. आता चर्चमध्ये कुठल्या तोंडानं जाऊ?"

अमेरिकेतल्या युटा राज्यात समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्या तरुण मुलामुलींकडून ऐकलं आहे, की समोरचा खुर्चीच्या कडेला टेकून बसला, की आता हेच येणार हे ओळखता येतं. आईवडील येतात तेव्हा प्रश्न असतो, "आमचं कुठे चुकलं?" इथल्या मराठी कुटुंबांतूनही विचारणा होते. शेजारचा मुलगा दोन वर्षांसाठी गेला होता, सहा-सात महिन्यांत परत दिसला, त्याच्याशी काय बोलावं ते सुचत नाही. या सगळ्यांसाठी एका मुलाची हकिकत सांगते. त्याची परवानगी आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मिशन म्हणजे चर्च पाठवेल तिथे जाऊन केलेला धर्मप्रसार; तो कसा चालतो ते आधी थोडक्यात. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हे चर्च स्थापन केलं. त्याचं मुख्यालय आता युटातल्याच सॉल्ट लेक सिटीत आहे, आणि लोक त्याला मॉर्मन चर्च म्हणतात. या घरांतला मुलगा कळायला लागल्यापासून "मोठा झालास की मिशनवर जाशील" हे ऐकत वाढतो. २०१२ मध्ये मुलग्यांसाठी वयाची अट १९ वरून १८ वर आली, त्यामुळे बरेचजण शाळा संपली की थेट निघतात. मुलग्यांना दोन वर्षं, मुलींना दीड वर्ष. देश आपण निवडायचा नाही, मुख्यालयातून बोलावणं येतं. आजी-आजोबा, काका-मामा, मित्र सगळे जमतात आणि सगळ्यांच्या देखत ते उघडून वाचलं जातं. खर्च ज्याचा त्याने किंवा घरच्यांनी करायचा. प्रोव्होच्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे नवी भाषा शिकायची आणि विमानात बसायचं.

तिथे सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवे बंद. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी. स्वतःचं नाव बाजूला पडतं, सगळे एल्डर आणि पुढे आडनाव अशीच हाक मारतात. नेमून दिलेल्या मिशनरी जोडीदाराशिवाय, म्हणजे कम्पॅनियनशिवाय, कुठेही जायचं नाही. कितीजणांशी बोललात, किती धडे झाले, बाप्तिस्म्यासाठी कोण तयार आहे, याचे आकडे दर आठवड्याला वर कळवायचे. पूर्वी घरी फोन करायची परवानगी नाताळला आणि मातृदिनाला, एवढीच असे. २०१९ पासून आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉल करता येतो.

हा मुलगा १९ वर्षांचा, फिलिपिन्समधल्या सेबू बेटावर होता. सातव्या महिन्यात परत आला. आई त्याला घेऊन आली तेव्हा तिला एकच गोष्ट समजत नव्हती. त्याचा कॉल सोमवारी सकाळी असायचा, आणि तिकडची सोमवार सकाळ म्हणजे इकडची रविवार संध्याकाळ. दर रविवारी तो पडद्यावर हसतमुखाने दिसायचा, सेबुआनो भाषेत नमस्कार करून दाखवायचा, धाकट्या भावंडांना जीपनी गाड्यांच्या गमती सांगायचा. मग अचानक मिशन प्रेसिडेंटांचा, म्हणजे तिथल्या मिशनरींच्या प्रमुखांचा, फोन आला, की मुलगा तीन दिवस अंथरुणातून उठलेला नाही.

पहिल्या भेटीत त्याने मला विचारलं, "तुम्ही आमच्या चर्चच्या आहात का?"

"नाही. मी ठाण्याची. हिंदू घरातली."

तो जरा मागे सरकून बसला. माझ्या कामात या उत्तराचा मला फार उपयोग झाला आहे. इथे बोललेलं बिशपपर्यंत, म्हणजे स्थानिक मंडळीच्या प्रमुखापर्यंत, पोचणार नाही, आणि ही बाई आपला धर्म चूक ठरवायलाही बसलेली नाही, अशी खात्री पटली की मुलं बोलती होतात.

"काय झालं तिकडे?"

"एक कुटुंब बाप्तिस्मा घेणार होतं. मी त्या दिवशी दहा मिनिटं उशिरा उठलो. त्यांनी नकार दिला."

"तुझ्या दहा मिनिटांमुळे?"

"नियम पाळला नाही तर आशीर्वाद मिळत नाही."

असं हळूहळू बाहेर आलं. प्रार्थनेत एखादा शब्द अडखळला तर ती पहिल्यापासून म्हणायची. मग तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. जोडीदार झोपला की हा अंधारात गुडघ्यांवर बसून पुन्हा सुरू. रस्त्यात एखाद्या मुलीकडे नजर गेली तर त्याची कबुली मिशन प्रेसिडेंटांकडे द्यायची, आणि कबुली पुरेशी प्रामाणिक होती का, या शंकेने दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

हा भक्तीचा अतिरेक वाटेल. तो आजार आहे, मंत्रचळाचा (ओसीडीचा) एक प्रकार, आणि फार जुना आहे. ज्यांच्या संघाने आपल्याकडे झेवियर्स कॉलेजं काढली त्या इग्नेशियस लोयोलांना १५२२ मध्ये मानरेसा इथे याच छळातून जावं लागलं होतं. सांगून झालेली पापं पुन्हा पुन्हा कबूल करावीशी वाटत, जीव द्यावा असंही मनात येई. त्यांनीच हे पुढे आत्मकथनात सांगून ठेवलं आहे. मी मुलाला एवढंच सांगितलं. संत झालेल्या माणसालाही हे झालं होतं, म्हणजे आपण देवाने टाकलेले नाही, एवढा धागा त्याने धरला.

डॉक्टरांची औषधं सुरू झाली. आम्ही सराव सुरू केला: प्रार्थना एकदाच करायची, चुकली तर चुकलेली तशीच राहू द्यायची आणि उठायचं. हा भाग लांबलचक आणि कंटाळवाणा असतो, त्यात चिकाटी लागते, आणि तो कामाला येतो. झोप परतली. खाणंपिणं सुधारलं. पण शरम जागची हलेना. "मी माझ्या कम्पॅनियनचं मिशनसुद्धा वाया घालवलं," हे तो प्रत्येक भेटीत म्हणायचा.

एके दिवशी मी तिथेच थांबायचं ठरवलं.

"कसं वाया घालवलंस?"

"मी तीन दिवस अंथरुणात होतो. मला एकटं सोडून त्याला बाहेर जाता येत नाही, तसा नियमच आहे. तीन दिवस तो त्या खोलीत अडकला. त्याचे सगळे आकडे शून्य."

"त्या तीन दिवसांत त्याने काय केलं? सकाळपासून सांग."

तो गोंधळला. हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. मग आठवून आठवून सांगू लागला. जोडीदार इलोइलोचा, म्हणजे पनाय बेटावरचा मुलगा. त्याने लुगाव केला. लुगाव म्हणजे आपली तांदळाची पेज, वर आलं आणि लसूण. याने खाल्ला नाही, तर पातेलं झाकून ठेवलं आणि दोन तासांनी पुन्हा गरम करून आणला. पंखा याच्या बाजूला वळवला, स्वतः घामाने भिजत बसला. याचे दोन शर्ट बादलीत धुतले. रात्री हा दचकून उठला तेव्हा तो चटईवर बसलेलाच होता, आणि त्याने विचारलं, "एल्डर, गाऊ का काही?"

"आणि तो कशासाठी मिशनवर आला होता?"

"लोकांची सेवा करायला."

"मग तीन दिवस तो काय करत होता?"

बराच वेळ तो बोलला नाही. अशा वेळी समुपदेशकाची जीभ फार वळवळते. ती आवरता येणं हे मी या व्यवसायात कष्टाने कमावलं आहे. शेवटी तो म्हणाला, "ते त्याच्या अहवालात नव्हतं."

"अहवालात नव्हतं म्हणून झालंच नाही?"

"झालं. त्याने... त्या आठवड्यात त्याने जेवढी सेवा केली तेवढी आम्ही दोघांनी मिळून कधी केली नव्हती." आणि मग, आवाज चिरकत, "पण ती माझी केली."

"तुझी केली तर मोजायची नाही?"

तो रडला, आणि या वेळचं रडणं वेगळं होतं. याआधी तो रडला की माफी मागायचा. त्या दिवशी माफी मागितली नाही.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांच्या तालमीत तयार झालेली मी. सात महिन्यांत परत येणं ही घटना. तिच्यापेक्षा माणसाला पिळून काढते ती मनात धरून ठेवलेली हट्टी मागणी. या मुलाची मागणी मला तोवर "मी दोन वर्षं पूर्ण केलीच पाहिजेत" अशी वाटत होती. त्या दिवशी तिच्या खालची दुसरी सापडली: मी कायम देणाऱ्याच्या जागी असलो पाहिजे, घेणाऱ्याच्या कधीही नाही. इतरांना आधार द्यायला निघालेल्या मुलामुलींमध्ये ही मागणी मला त्यानंतर वारंवार दिसली आहे. स्वतःला मदत लागली की त्यांना आपण अपात्र ठरलो असं वाटतं. त्यांच्याशी "दोन वर्षं झाली नाहीत तरी काही बिघडत नाही" असा वाद घालत बसू नये. त्यांना मदत केली कुणी, कशी केली, ते बारकाईने सांगायला लावावं. त्या आठवणीत त्यांची स्वतःची जागाही आपसूक सापडते.

आता पालकांसाठी. मूल परत येतं त्याच दिवशी बहुधा स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे परिसरातल्या अनेक वॉर्डांचे (स्थानिक मंडळ्यांचे) प्रमुख, त्याला मिशनमधून मोकळं करतात आणि नावपट्टी निघते. कित्येक महिन्यांत ते पहिल्यांदाच एका खोलीत एकटं झोपणार असतं. पहिले काही दिवस धाकट्या भावाची गादी त्याच खोलीत टाका. "परत कधी जाणार?" हा प्रश्न महिनाभर तरी घरात कुणी काढू नका. बरं वाटल्यावर परत जाता येतं, घरी राहून सेवा-मिशनही करता येतं; हे पर्याय त्याला ठाऊक असतात, तुम्ही आठवण करून दिलीत की त्याला तो तगादा वाटतो. वॉर्डात भाषण द्यायचं की नाही, हे त्याचं त्याला ठरवू द्या. परत येण्याचं कारण आजार असेल तर डॉक्टर गाठा, नुसत्या उपास-प्रार्थनांवर थांबू नका. कारण श्रद्धा डळमळली हे असेल, तर ते ऐकून घ्यायला वेगळं धैर्य लागतं. त्या रात्री प्रतिवाद करू नका. जगण्यात अर्थ नाही, असं ते बोललं किंवा तसं वागताना दिसलं, तर वाट न पाहता ९८८ वर फोन करा. ही अमेरिकेतली मदतवाहिनी चोवीस तास चालते. भारतात टेली-मानसचा क्रमांक १४४१६ आहे.

शेजाऱ्यांनो, तुम्ही त्याला जेवायला बोलवा. तिकडे काय खायचास, भाषा कशी शिकलास, हे विचारा. सात महिन्यांच्या मिशनमध्येही सांगण्यासारखं खूप असतं, आणि त्याला वाटत असतं की ते सांगायचा हक्क आपण गमावला.

हा मुलगा परत गेला नाही. विचार करून, आईवडिलांना समोर बसवून त्याने तसं सांगितलं, आणि पुढच्या सत्रात कॉलेजला गेला. त्याच्या आईने शेवटच्या भेटीत मला विचारलं, की ओळखीतल्या एका घरी मुलगी पुढच्या आठवड्यात अशीच लवकर येते आहे, त्यांना काय सांगू. सॉल्ट लेकच्या विमानतळावर मिशनरी परतताना फलक, फुगे आणि अख्खं खानदान हजर असतं. मी म्हटलं, फलक न्यायचा की नाही हे घरच्यांनी ठरवू नये. निघण्याआधी तिलाच विचारावं, की घ्यायला कोणकोण आलेलं चालेल, आणि ती जेवढी नावं घेईल तेवढ्यांनीच जावं.