नाशिकमध्ये ज्येष्ठांसाठी जुन्या गाण्यांचा रेडिओ सुरू करायचा आहे, सुरुवात कुठून करू?

तुम्ही लिहिलंय की बँकेतून निवृत्त झालात, सहा हजार गाणी जमवलीत, चार लाख बाजूला काढलेत आणि इंदिरानगरातून ज्येष्ठांसाठी रेडिओ काढायचाय. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी गच्चीवरच्या खोलीतून अडीच वर्षं हाच उद्योग केला, इंटरनेटवरून. त्यामुळे थोडं लांबलचक लिहितोय. आधी कायद्याचं उरकून घेतो. कंटाळवाणं आहे, पण लोक आपटतात ते तिथेच.

खासगी एफएम विसरा. त्या वारंवारितांचा केंद्र सरकार लिलाव करतं. चार लाखांत तिथला चहासुद्धा मिळायचा नाही. दुसरा रस्ता कम्युनिटी रेडिओचा, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरासाठी चालवलेल्या छोट्या एफएम केंद्राचा. तो एकट्यादुकट्या माणसाला मिळत नाही. नोंदणी होऊन किमान तीन वर्षं झालेली, नफ्यासाठी नसलेली संस्था लागते. तुमचा ज्येष्ठ नागरिक संघ नोंदणीकृत असेल तर अर्ज त्याच्या नावाने करा. प्रक्षेपणाची ताकद १०० वॉट, अँटेना ३० मीटरपर्यंत, म्हणजे पल्ला साधारण दहा-बारा किलोमीटर. गंगापूर रोडला खणखणीत ऐकू येईल, नाशिकरोडला पोहोचेल की नाही हे मधल्या इमारती ठरवतील. जाहिराती तासाला १२ मिनिटं चालतात. २०२४ च्या नव्या नियमांआधी सातच चालायच्या. मुख्य अट अशी की निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून झाला पाहिजे. नुसती गाणी लावायला ही परवानगी नाही. आपल्याकडे रेडिओ विश्वास, ९०.८, कितीतरी वर्षांपासून चालू आहे. २०२३ साली त्याला कम्युनिटी रेडिओचे राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. अँटेनाची चौकशी करण्याआधी अशा केंद्रावर जाऊन आठवड्याचा एक तास मिळतो का ते विचारा. मी विचारलं नाही, ती माझी घाई.

तिसरा रस्ता इंटरनेटचा. वारंवारिता लागत नाही, म्हणून लिलाव नाही. पण गाण्यांचे हक्क लागतातच, आणि इथे तुमच्या संग्रहाबद्दल एक वाईट बातमी आहे. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो. १९६० साली निघालेली रेकॉर्ड २०२० अखेर मोकळी झाली. एवढंच ऐकून लोक खूश होतात. गाण्याचे शब्द आणि चाल यांचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. गदिमा गेले १९७७ साली, म्हणजे त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत बांधलेले. बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, गेले २००२ साली, त्यांच्या चाली २०६२ पर्यंत. तबकडी मोकळी, गाणं नाही! शब्द-चालींसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडे जावं लागतं, ध्वनिमुद्रणांसाठी पीपीएल या रेकॉर्ड कंपन्यांच्या संस्थेकडे किंवा थेट त्या त्या कंपनीकडे. रेडिओ केंद्रांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-ड खाली ठरावीक दराने गाणी वाजवायची सोय आहे, पण ती इंटरनेटवरच्या सेवेला लागू नाही असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला आणि २०२२ मध्ये खंडपीठानेही तोच कायम ठेवला. आयपीआरएसचा कागद मी पहिल्याच महिन्यात केला होता. तरी एकदा कार्यक्रमांची रेकॉर्डिंगं व्हिडिओच्या एका साइटवर चढवली आणि एका संगीत कंपनीने दावा ठोकून चाळीस भाग एका रात्रीत खाली उतरवले. वाजवायचा हक्क वेगळा आणि साठवून ठेवायचा वेगळा, हे मला तेव्हा कळलं.

हे झालं कागदांचं. आता खरी गोष्ट.

तुमच्या यादीत ‘पन्नास-साठच्या दशकातला सुवर्णकाळ’ असं लिहिलंय. माझीही सुरुवात तिथूनच झाली. पण हिशेब करून बघा: आज जो सत्तरीचा आहे तो जन्मला १९५५ च्या आसपास. तो कॉलेजात गेला ७२-७३ साली. तुमची सुवर्णकाळाची गाणी त्याच्या आईवडिलांची आहेत! माणसाच्या मनात घट्ट रुतून बसतात ती साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंत ऐकलेली गाणी. मी फर्माईशींची एक वही ठेवली होती. एका रकान्यात गाणं, पुढे त्याचं साल, पुढे ऐकणाऱ्याचं वय. तीन महिन्यांनी वही चाळली तर सत्तरीच्या आतल्यांनी मागितलेलं जवळजवळ सगळं ७० ते ८५ मधलं. आर. डी. बर्मन, किशोर, अरुण दातेंची भावगीतं. आणि दादा कोंडक्यांच्या सिनेमातली गाणी, जी एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक न चुकता ‘आमच्या शेजाऱ्यांसाठी’ मागायचे. नव्वदीच्या आजींसाठी तुमचा सुवर्णकाळ हवाच, पण तो दुपारचा एक तास. दिवसभर नाही.

आवाजाचं गणितही वेगळं. वयाबरोबर कान आधी वरच्या पट्टीचे स्वर गमावतो. स, श, फ ही अक्षरं त्यातलीच. म्हणून आजोबा म्हणतात, ‘ऐकू येतं, पण कळत नाही.’ निवेदनाच्या मागे संगीत लावलं की तेही उरत नाही. मला वाटायचं मागे मंद बासरी असली की छान वाटतं. आठवड्याभरात एका काकूंनी फोन करून सांगितलं, ‘अहो, ती बासरी थांबवा, तुम्ही काय बोलताय ते ऐकायचंय.’ तेव्हापासून आधी बोलणं, मग गाणं, दोन्ही एकावर एक नाही. निवेदक सावकाश बोलणारा हवा, मुलांशी बोलल्यासारखा लाडिक नको. एफएमवर गेलात तर प्रक्षेपण मोनोत करा, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज: जुनी बरीचशी गाणी मोनोच आहेत, आणि स्टिरिओला खरखर टाळायला कितीतरी जास्त ताकदीचा सिग्नल लागतो. मोनोत तुमचे १०० वॉट लांब पोहोचतील.

ऐकणार कशावर, हाही प्रश्न आहेच. मोबाईलमध्ये एफएम असलाच तर वायरचा इअरफोन लावावा लागतो, कारण ती वायरच अँटेना असते; कानाचं मशीन घालणारा माणूस काय करणार? इंटरनेट रेडिओच्या अॅपचंही तेच. स्क्रीन बंद झाली की बॅटरी वाचवण्यासाठी फोन ते गुपचूप बंद करतो आणि श्रोत्याला वाटतं रेडिओ बिघडला. पहिल्या वर्षात मी निवेदन कमी केलं, फोनच्या सेटिंग्ज जास्त समजावल्या.

वेळापत्रक आखताना मी सकाळी सहा ते नऊ हा मुख्य वेळ धरला होता. सर्व्हरचे आकडे बघितले तर सर्वांत जास्त श्रोते पहाटे साडेतीन ते पाचमध्ये. झोप उडालेली माणसं. घरात कुणाला उठवायचं नाही, टीव्ही लावता येत नाही, मग उशाशी फोन. त्या वेळेला मी फक्त संथ गाणी लावून ठेवायचो, निवेदन नाही. एका आजींचा निरोप आला: ‘मध्ये मध्ये वेळ सांगत जा, अंधारात घड्याळ दिसत नाही.’ मग दर पंधरा मिनिटांनी ‘चार वाजून पंधरा मिनिटं झाली’ एवढंच माझ्या आवाजात भरून ठेवलं. अडीच वर्षांत सर्वांत जास्त कौतुक त्या वाक्याचं झालं. दिवसाची बासरी, शेरोशायरी, अभ्यासपूर्ण माहिती, सगळं वाया.

एक चूक तुम्ही करू नका. लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा जुन्या यादीवरून वाचू नका. मी वाचल्या, तर आजोबा चार महिन्यांपूर्वी गेलेले. आजी रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. त्यानंतर आदल्या दिवशी फोन केल्याशिवाय मी एकही नाव घेतलं नाही.

बंद का केलं? हक्कांचा खर्च वर्गणीतून भागेना, आणि एकदा बायकोने विचारलं, ‘रेडिओ ज्येष्ठांसाठी आहे ना? मग घरातल्या ज्येष्ठांचं काय?’ तुमच्याकडे संघ असेल तर दोन्ही अडचणी वाटून घेता येतील.

तेव्हा मायक्रोफोन वगैरे आत्ता घेऊ नका. आठ दिवस सकाळी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरच्या बाकांवर वही घेऊन बसा आणि प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारा: अठरा वर्षांचे होतात तेव्हा कोणतं गाणं वाजत होतं, आणि पहाटे किती वाजता जाग येते?